डोळे उघडे ठेवून घ्यायचा कॅमेरा

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत पुष्कळसा सौदा आता फोनवरच ठरतो. पुण्याचं, सुरतेचं किंवा थेट परदेशातलं गिऱ्हाईक मूर्ती हाताळून पाहू शकत नाही. कारखानदार फोटो पाठवतो, पलीकडून ‘पीतांबर जरा गडद करा’ असा निरोप येतो आणि ऑर्डर पक्की होते. धरमतरच्या खाडीकाठच्या खारेपाटात ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. ही पद्धत राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून आली. उधाणाच्या भरतीला खारबंदिस्तीला खांड गेली आणि भातात खारं पाणी शिरलं, तर तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत आपण काढून ठेवलेला फोटो उपयोगी पडतो. नागोठण्या-रोह्याकडे घरगुती पापड-मसाले विकणाऱ्या बायकांचं दुकान म्हणजे व्हॉट्सॲपचं स्टेटस. या सगळ्यांसाठी फोनचा कॅमेरा हे कामाचं हत्यार आहे, आणि हत्यार घेताना माणूस धार बघतो. फोन घेताना मात्र आपण खोक्यावरचा आकडा बघतो.

‘दादा, दोनशे मेगापिक्सल आहे, डोळे झाकून घ्या,’ असं दुकानातला पोऱ्या सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फोनमधल्या सेन्सरवर तेवढे बिंदू खरोखरच असतात. गोम अशी की बोटाच्या नखाएवढ्या जागेत वीस कोटी बिंदू बसवायचे तर प्रत्येक बिंदू अतिशय बारीक करावा लागतो आणि बारीक बिंदूवर उजेड कमी पडतो. एकाच शेतात जास्त बांध घातले म्हणून भात वाढत नाही, तसंच हे. म्हणून फोन स्वतःच शेजारशेजारचे बिंदू एकत्र करतो. ५० मेगापिक्सलचे चार-चार बिंदू जोडून साडेबारा, १०८ चे नऊ-नऊ जोडून १२, २०० चे सोळा-सोळा जोडून पुन्हा साडेबारा. नेहमीच्या सेटिंगवर काढलेला फोटो बहुतेक वेळा याच बारा-साडेबारा मेगापिक्सलचा असतो. पूर्ण २०० चा फोटो काढायचा तर वेगळा पर्याय निवडावा लागतो. तो भर उन्हात बरा येतो, जागा भरपूर खातो आणि घरात दिवा लावून काढला तर नेहमीच्या फोटोपेक्षा वाईट दिसू शकतो.

बारा मेगापिक्सल म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० बिंदू. ए-४ आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपके या दर्जाची छपाई करायला पावणेनऊ मेगापिक्सल पुरतात. ज्या पडद्यावर आपण फोटो बघतो तो फुल एचडी पडदा अडीच मेगापिक्सलच्या आसपास असतो. आणि व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ॲप तो आणखी लहान करून टाकतं, मग तो दोनशेच्या फोनमधून निघालेला असो की बाराच्या. मूर्तीची बारीक आखणी गिऱ्हाईकाला दाखवायची असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किमान एचडीचा पर्याय तरी निवडा. सुधारणा तिथेच दिसेल, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तर विचारायचं काय? सेन्सरचा आकार विचारा. तो १/१.३ इंच, १/२ इंच, १/२.७६ इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा आणि उजेड जास्त. भिंगाचं तोंड किती उघडतं ते ‘एफ’च्या आकड्यावरून कळतं, तिथेही लहान आकडा चांगला. ओआयएस आहे का ते विचारा, म्हणजे हात हलला तरी भिंग स्वतःला सावरून घेतं का. आणि हे सगळं मुख्य कॅमेऱ्यापुरतं न विचारता मागे जितके डोळे दिसतात त्या प्रत्येकाबद्दल विचारा. स्वस्त फोनच्या पाठीवर तीन-चार काळी वर्तुळं असतात. त्यातलं एक खरं काम करतं आणि बाकीची दोन-दोन मेगापिक्सलची, मॅक्रो आणि डेप्थ अशा नावांची असतात. एखादं वर्तुळ तर फ्लॅशचं किंवा नुसतं शोभेचंही निघतं. माझ्या मते एक चांगला कॅमेरा असलेला फोन हा चार भरताडांच्या फोनपेक्षा केव्हाही सरस. पण जाहिरातीत ‘क्वाड कॅमेरा’ म्हणता येत नाही ना!

झूमचा दावा तर वेगळाच. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचं सागरी अंतर पोहणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सोबतच्या होडीतून घरचे लोक फोनवर फोटो काढत असतात, आणि पाण्यातलं ते एवढंसं डोकं जवळ ओढायला शंभरपट झूम हवाच असं कुणालाही वाटेल. भिंगाने खरोखर जवळ आणलेलं चित्र हा ऑप्टिकल झूम; तो फोनवर बहुधा तीन, पाच, फार तर दहापट. त्यापुढचा सगळा ताणून मोठा केलेला तुकडा, आणि त्यातल्या फाटक्या जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. भरून काढतं म्हणजे काय, ते मार्च २०२३ मध्ये जगाला कळलं. सॅमसंगचे महागडे फोन ‘स्पेस झूम’ने चंद्राचे डाग स्वच्छ दाखवतात अशी ख्याती होती. एका वापरकर्त्याने चंद्राचं चित्र मुद्दाम लहान आणि धूसर केलं, ते संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून फोनने फोटो काढला. मूळ चित्रात जे बारकावे नव्हतेच ते फोटोत उमटले! कंपनीने खुलासा केला की कॅमेरा चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील सुधारतो. ही सोय बंदही करता येते. चंद्र सगळ्यांचा एकच, त्यामुळे त्याचे डाग फोनला आधीपासून शिकवून ठेवता येतात. तुमच्या घरच्या पोहणाऱ्या पोरीचा चेहरा कुणी शिकवलेला नाही. तेव्हा दुकानात झूम तपासताना चंद्राच्या नादी लागू नका. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दहापट झूमवर वाचता येते का, ते पाहा.

आकडे खरे असून दिशाभूल होते, तशी सरळसरळ लबाडीही झालेली आहे आणि ती मोठमोठ्यांनी केली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाने लुमिया ९२० फोनची जाहिरात काढली. सायकलवरून जाणाऱ्या मुलीचं थरथर न होता टिपलेलं चलच्चित्र त्यात होतं. पण मुलीच्या मागे उभ्या असलेल्या एका गाडीच्या काचेत प्रतिबिंब दिसलं: शेजारून चाललेली व्हॅन आणि तिच्यात मोठा कॅमेरा धरून बसलेला माणूस. नोकियाला माफी मागावी लागली. २०१६ मध्ये वावेने पी९ फोनचं कौतुक करताना सूर्योदयाचा एक सुंदर फोटो टाकला. फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीत कॅमेऱ्याचं नाव निघालं कॅनन ५डी मार्क ३, म्हणजे लाखांच्या घरातला व्यावसायिक कॅमेरा. दोन वर्षांनी इजिप्तमध्ये याच कंपनीच्या नोव्हा ३ च्या जाहिरातीतला ‘सेल्फी’ प्रत्यक्षात समोर उभ्या असलेल्या फोटोग्राफरने काढला होता. अभिनेत्रीने शूटिंगचे फोटो स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकले म्हणून ते उघडकीस आलं. सॅमसंगच्या मलेशियातल्या शाखेने २०१८ मध्ये पोर्ट्रेट मोडचा नमुना म्हणून लावलेला फोटो सर्बियातल्या एका छायाचित्रकार महिलेचा निघाला, विकत घेतलेला. आणि ही जुनी गोष्ट समजू नका: २०२५ मध्ये नथिंग कंपनीच्या फोन ३ च्या दुकानात ठेवायच्या नमुना-फोनवर त्या फोनने न काढलेले फोटो सापडले. तात्पुरते लावलेले फोटो बदलायचे राहून गेले, असं कंपनीने सांगितलं.

आपल्याकडचं उदाहरण कॅमेऱ्याच्या पलीकडचं, पण विसरण्याजोगं नाही. १७ फेब्रुवारी २०१६ ला नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. मागे ३.२ मेगापिक्सलचा कॅमेरा, पुढच्या बाजूलाही कॅमेरा, सगळं काही. पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने पुसलेलं होतं. तेव्हाचे ईशान्य मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी या योजनेवर जाहीर आक्षेप घेऊन चौकशीची मागणी केली. पुढच्या वर्षी कंपनीच्या प्रमुखाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. एवढ्या स्वस्तात कॅमेऱ्याचा फोन होतो कसा, हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरली असती. तरी नोंदणीसाठी लोकांनी संकेतस्थळ कोलमडेपर्यंत गर्दी केली.

या गोष्टी सांगितल्या त्या कंपन्यांच्या नावाने बोटं मोडायला नव्हे. वावेची लबाडी ज्या माहितीवरून उघड झाली ती प्रत्येक फोटोत असते आणि ती कुणालाही उघडता येते. दुकानातल्या डेमो फोनची गॅलरी उघडा, झकपक फोटो निवडा, तो वर सरकवा किंवा ‘तपशील’ दाबा. तिथे कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख आणि फोटोचा आकार दिसला पाहिजे. हातातल्या फोनचंच नाव असेल तर ठीक. रकाना रिकामा असेल किंवा दुसरंच नाव असेल तर तो फोटो शोभेचा समजा. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने फिरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, म्हणून मित्राने पाठवलेल्या ‘याच फोनने काढलाय’ छाप फोटोवर निर्णय घेऊ नका.

खरी परीक्षा आपल्या कामाची घ्यायची. दुकानदार फोन हातात देतो ते दाराशी, उजेडात. तिथे कुठलाही फोन देखणाच. तुम्ही आतल्या कोपऱ्यात चला, जिथे खोक्यांची चळत असते. एखाद्या खोक्यामागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि तो मोठा करून कडेची अक्षरं वाचा. मधली नव्हे, कडेची, कारण स्वस्त भिंग कडांनाच दगा देतं. मग सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगून फोटो घ्या. रोह्याला दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सलामी होते, रात्री गल्ल्यांतून पालखी फिरते; तो फोटो ज्याला हवा त्याने ही परीक्षा चुकवू नये. फोनचा नाइट मोड दोन-तीन सेकंदांत अनेक फोटो काढून ते एकावर एक बसवतो. देवळाची कमान स्थिर असते, ती सुरेख येते. नाचवली जाणारी पालखी मात्र हलते, आणि तिचं भूत होतं. ओआयएसही इथे कामाचा नाही. तो तुमच्या हाताचा कंप सांभाळतो, समोरच्याची हालचाल सांभाळत नाही. जाहिरातीतले रात्रीचे फोटो नीट बघा: शहराचे दिवे, पूल, शांत उभी असलेली नटी. हलणारं काहीच नसतं.

व्हिडिओचंही असंच एक कलम आहे. ‘४के व्हिडिओ’ आणि ‘स्थिर व्हिडिओ’ हे दोन दावे जाहिरातीत शेजारीशेजारी असतात, पण बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनवर ते एकत्र मिळत नाहीत. ४के लावलं की स्थिरपणा जातो, स्थिरपणा लावला की फुल एचडीवर यावं लागतं. दुकानात ४के लावून दहा पावलं चाला आणि बघा.

मूर्तीच्या रंगाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कॅमेऱ्याची लबाडी आपल्या अंगाशी येते. फोनला माणसाचा चेहरा ओळखायला शिकवलेलं असतं आणि पुष्कळदा तो गणपतीचा चेहराही माणसाचाच धरतो. मग ‘ब्यूटी’ची सोय चालू असेल तर गालावरची छटा पुसून गुळगुळीत करतो. कारागिराने श्वास रोखून ओढलेली पापणीची रेघ मऊ होते आणि सोंडेवरच्या नक्षीची धार जाते. दुसरीकडे ‘एआय’ रंग भडक करतं, शेंदरी लालीकडे झुकतं आणि मोतिया रंग पांढराफट्ट होतो. कारखान्यातल्या एलईडी ट्यूबचा उजेड निळसर, बाजूच्या पिवळ्या दिव्याचा पिवळसर, अशा मिश्रणात फोनचा अंदाज हमखास चुकतो. उपाय साधा आहे. ब्यूटी आणि एआय दोन्ही बंद करा. मूर्ती पडवीत, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात ठेवा. पहिला फोटो मूर्तीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. कागद फोटोत पांढरा दिसतो का ते तपासा, निळा किंवा पिवळा दिसला तर रंगतोल हाताने सुधारा. मगच बाकीचे फोटो. नवा फोन घ्यायला जाल तेव्हा खिशात रंगवलेला एखादा तुकडा न्या, उंदीरमामाही चालेल, आणि फोटोतला रंग त्याच्याशी जागेवर ताडून पाहा. दुकानातला पोऱ्या हसेल. हसू द्या.

आणि मूर्तीचा फोटो टाकून तुम्ही ऑर्डर घेता तेव्हा तुम्हीही जाहिरातदारच असता. फिल्टर लावून सोनेरी केलेला मुकुट गिऱ्हाईकाला दाखवायचा आणि पिवळा पाठवायचा, हे फोनकंपन्यांच्या चंद्रापेक्षा वेगळं नाही. समुद्र दिसतो असं दाखवून खोली भाड्याने देणाऱ्यांनाही हे लागू. फोटो न सजवता पाठवा, हातच्या रंगात मूर्तीगणिक थोडा फरक पडतो हे मराठीत स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईल.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी ‘वॉटरप्रूफ’ या शब्दापासून सावध राहावं. जाहिरातीत माणसं फोन घेऊन पोहतात, पाण्याखाली फोटो काढतात. आयपी६८ हा शिक्का गोड्या, शांत पाण्यातल्या चाचणीवर मिळतो. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने २०१६ ते २०१८ या काळात गॅलक्सी फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतात असं भासवलं. ओला फोन चार्ज केला तर चार्जिंगची जागा गंजून फोन बंद पडू शकतो हे सांगितलं नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. धरमतरचं पाणी खारं आणि गाळाचं. इथे पाण्यात गेलेल्या फोनला वॉरंटी मिळेल अशी आशा धरू नका. वॉरंटीच्या कागदात ‘द्रवामुळे झालेलं नुकसान’ बहुधा वगळलेलंच असतं.

तो कागद आणि जाहिरातीच्या तळाशी असलेली मुंगीएवढी अक्षरं हीच खरी वाचायची गोष्ट. ‘चित्र केवळ दर्शनासाठी’, ‘प्रयोगशाळेतील परिस्थितीत’, ‘अतिरिक्त उपकरणांचा वापर’. ॲपलने ऑक्टोबर २०२३ मधला आपला कार्यक्रम आयफोनवर चित्रित केल्याचं सांगितलं ते खरंच होतं. पण त्या आयफोनभोवती क्रेन, दिवे आणि व्यावसायिक चित्रीकरणाचं सामान होतं, हेही त्यांनी दाखवलं. हे प्रामाणिक म्हणायला हवं. त्यातून ग्राहकाने इतकंच घ्यायचं की आपल्याकडे क्रेन नाही.

बारीक अक्षरांबद्दल आपल्या देशात नियम आहे आणि तो मराठी ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार खुलासा हा मूळ दाव्याच्याच भाषेत असायला हवा, अक्षराचा ठसाही दाव्याचाच हवा, आणि खुलाशाने मुख्य दावा खोडून काढता कामा नये. म्हणजे वडखळच्या नाक्यावर ठळक मराठीत ‘रात्रीही दिवसासारखा फोटो’ आणि कोपऱ्यात इंग्रजीत अटी, असा फलक नियमात बसत नाही. असा फलक दिसला तर त्याचा फोटो काढा, कॅमेरा आहेच.

यूट्यूबवरच्या परीक्षणांचंही तेच. भारतीय जाहिरात मानक परिषद ही संस्था १९८५ पासून मुंबईतून काम करते. तिने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की पैसे, फुकट फोन किंवा सहल घेऊन परीक्षण करणाऱ्याने ते ठळकपणे जाहीर केलं पाहिजे. व्हिडिओच्या सुरुवातीला ‘पेड’, ‘जाहिरात’ असं काही आहे का ते बघा. नसेल, आणि परीक्षक फोनचा एकही दोष सांगत नसेल, तर पुढे जा. मराठीत चांगले परीक्षक आहेत. रात्रीचा, घरातला, हलत्या पोराचा फोटो दाखवणारा निवडा.

इतकं करूनही फसगत झाली तर? आधी हे ओळखा की तक्रार कशाची होऊ शकते. ‘अप्रतिम’, ‘जादुई’ असल्या विशेषणांवर भांडता येत नाही. ‘ओआयएस आहे’, ‘४के ६० फ्रेम’, ‘तीनपट ऑप्टिकल झूम’ हे मोजता येण्याजोगे दावे आहेत. ते खोटे निघाले तर कायदा तुमच्याकडे आहे. म्हणून विकत घेतानाच ऑनलाइन पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा, कारण ही पानं मागाहून बदलतात. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. दुकानातून घेत असाल तर पक्की पावती घ्या, तिच्यावर पूर्ण मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक हवा. दुकानदाराने तोंडी सांगितलेला दावा व्हॉट्सॲपवर विचारून त्याचं लेखी उत्तर मिळवा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ‘फक्त बदलून मिळेल, पैसे नाहीत’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका.

तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. जाहिरात फसवी असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे कुणीही तक्रार करू शकतो, फोन विकत घेतलेला असण्याची गरज नाही. केंद्रीय प्राधिकरण फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, त्यात जाहिरात करणारे तारे-तारकाही येतात. पण तो दंड सरकारजमा होतो. तुमचे पैसे हवेत तर ग्राहक आयोगाकडेच जावं लागतं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. विक्रेता बंगळूरचा असला तरी पेण-रोह्यात राहणाऱ्याला अलिबागला तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्याने दिलेला मोठा दिलासा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या भरता येतो. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था कागदपत्रं कशी लावायची याचं मार्गदर्शन करतात. अर्ज एकट्याने जमत नसेल तर तिथे विचारा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. थर्मल कागदावरची पावती त्याआधीच कोरी होते. घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवा.